फुलाबाईचं पांढरं उळं

१

कांद्याची भुकटी करणाऱ्या कारखान्याच्या फाटकातून पिंपळखोऱ्याचे चार ट्रॅक्टर एकाच दिवशी परत फिरले, ती गोष्ट गेल्या वर्षीच्या एप्रिलची. ट्रॉल्यांत पांढरा कांदा होता, निदान पाठवणाऱ्यांची तशी समजूत होती. फाटकावरच्या माणसाने चार पाट्या उपसल्या आणि त्यातून सतरा लाल कांदे काढून फरशीवर ओळीने मांडले. काढणीत बायांनी लाल दिसेल तो कांदा बाजूला टाकला होता, पण मातीने माखलेला माल भराभर निवडताना नजर चुकतेच. पांढऱ्या भुकटीत लाल तुकडा चालत नाही. कारखान्याने पिंपळखोऱ्याचं नावच यादीतून काढून टाकलं.

अठरा घरांनी तो कांदा लावला होता आणि अठराही घरांचं उळं, म्हणजे कांद्याचं बी, एकाच बाईकडून आलं होतं. फुलाबाई चाळीस वर्षं पांढऱ्या कांद्याचं उळं धरत होती. दिंडोरीकडचा सगळा मुलूख द्राक्षाच्या मागे लागला तरी या बाईने आपले दोन वाफे सोडले नाहीत. गावात कोणाच्या लेकीचं लग्न निघालं की रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी फुलाबाईने दिलेली उळ्याची पुरचुंडी असायचीच. अशा बाईने म्हातारपणी बाजारातलं स्वस्त लाल बी आपल्या उळ्यात मिसळलं, असं गाव म्हणू लागलं. तोंडावर कोणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त वाईट झालं. भांडता तरी आलं असतं. वैशाखात गावात तीन लग्नं झाली, पण पुरचुंडी मागायला एकही माणूस तिच्या दारात आला नाही. आषाढात फुलाबाई गेली. डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं कारण लिहिलं.

तिची मुलगी हर्षाली इगतपुरीला दिलेली. वर्षश्राद्धाला महिना राहिला असताना ती नाशिकला, मखमलाबाद रस्त्यावर पुंजारामभाऊंच्या घरी आली. पुंजारामभाऊ म्हणजे निवृत्त कृषी सहायक. छत्तीस वर्षं त्यांनी दिंडोरी तालुक्याची ढेकळं तुडवली होती. कोणाच्या फवाऱ्याने कोणाची बाग करपली, पाण्याची नळी कोणी कापली, असली भांडणं ते पानांवरचे डाग आणि बांधावरची पावलं बघून सोडवायचे, म्हणून लोक त्यांना गमतीने 'शेतातले फौजदार' म्हणत. कोणी काही विचारलं आणि भाऊसाहेब 'मला माहीत नाही' म्हणाले, असं कधी घडलं नव्हतं. याचा त्यांना थोडा ताठाही होता.

"आईने मिसळलं नाही," हर्षाली म्हणाली. "पण मी लेक आहे, माझ्या म्हणण्याला काय किंमत? वर्षश्राद्धाला सगळं गाव जेवायला येईल. त्यांच्यासमोर कोणीतरी खरं काय ते सांगायला हवं."

"माझ्याकडेच का आलीस?"

"शेवटच्या चार दिवसांत आईच्या तोंडात दोनदा तुमचं नाव आलं. म्हणायची, भाऊसाहेबांना त्रास नको. मला वाटलं, तुम्ही भेटायला याल म्हणून संकोच करतेय."

पुंजारामभाऊंना भरून आलं. ते भेटायला गेले नव्हते, आणि फुलाबाईने आपली आठवण काढावी असं काही आपण केल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशी ते पिंपळखोऱ्यात उतरले. फुलाबाईचा मुलगा शेखर त्यांना चाळीत घेऊन गेला. बांबूच्या पट्ट्यांच्या त्या कांदाचाळीच्या कोपऱ्यात एक क्रेट होता. त्यात गेल्या वर्षीचे लाल कांदे, निम्मे वाळून खडखडीत झालेले. आईने ते फेकू दिले नव्हते आणि आई गेल्यावर शेखरचा हात धजावला नव्हता.

भाऊंनी एकेक कांदा उचलून पाहिला. रंग लाल, पण बांधा फुलाबाईच्या पांढऱ्या कांद्याचाच, चपटा आणि बारीक मानेचा. बाजारातला लाल कांदा गोल असतो.

मग त्यांनी शेखरला उलटसुलट विचारलं. उळ्याची मागणी वाढली होती, आईला न सांगता त्यानेच तर बी वाढवलं नव्हतं ना? शेखरला राग आला नाही. असं विचारणारे तुम्ही पहिले नाही, एवढंच तो म्हणाला. उळ्याला त्या घरात आईशिवाय कोणी हात लावत नव्हतं. वाफ्यांत उभे असलेले डोंगळे, म्हणजे फुलावर आलेले बियाण्याचे कांदे, तीच तोडायची, तीच चोळायची, आणि दोन वाफ्यांचं उळं दोन वेगळ्या फडक्यांत बांधून ठेवायची, एक विहिरीकडचं आणि एक नाल्याकडचं.

"लाल कोणत्या फडक्यातून निघाले?"

शेखरने थोडा विचार केला. "विहिरीकडचं उळं ज्यांनी नेलं त्यांच्यात दहात एखादा. नाल्याकडच्यात शोधून सापडंल असे. सगळी बोंबाबोंब झाल्यावर आई म्हणली, शेखर, नाल्याकडचंच ठेव, विहिरीकडचं ओढ्यात सोडून दे. का, ते सांगितलं नाय."

भाऊंच्या मनात पहिला संशय मधमाश्यांचा. कांद्याच्या फुलांवरून मधमाशी परागकण नेते आणि शेजारी लाल कांद्याचे डोंगळे फुललेले असले की पांढऱ्याचं उळं नासतं, हे पिंपळखोऱ्यात शेंबडं पोरही सांगेल. म्हणूनच फुलाबाईशी गावाचा करार होता, तिच्या वाफ्यापासून कोसभरात कोणी लाल डोंगळा लावायचा नाही. भाऊ दोन दिवस शिवार हिंडले आणि बांधाबांधावर थांबून विचारत राहिले. उळं धरलं त्या हिवाळ्यात, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, कोसभरात एकही लाल डोंगळा फुललेला नव्हता. लोक शपथेवर सांगत होते, आणि ते खरं होतं.

माशी सुटली. राहिला माणसाचा हात.

३

ज्याच्या हातावर गावातले दोनचार लोक तरी बोट ठेवत तो अश्विन. दिंडोरी रस्त्याला त्याचं बी-बियाणं, खतं, औषधांचं दुकान. फुलाबाईचं उळं चालत होतं तोवर त्याच्या दुकानातलं पांढऱ्या कांद्याचं पाकीट धूळ खात पडायचं, आणि ती बदनाम झाल्यावर हातोहात खपलं. शिवाय उळं बांधून ठेवलं त्या आठवड्यात तो फुलाबाईच्या घरातून बाहेर पडताना दिसला होता.

अश्विनने भाऊंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारायच्या आधीच बोलायला लागला. आपण त्या दिवशी गेलो होतो हे त्याने नाकारलं नाही. त्याच्या बहिणीचं लग्न होतं. बी विकणारा माणूस, पण बहिणीच्या रुखवतात फुलाबाईची पुरचुंडी नसेल तर आईने घरात घेतलं नसतं. ती मागायला तो गेला होता, आणि फुलाबाई आजीने त्याला पुरचुंडीबरोबर लाडूही दिला होता.

"आणि माझं लाल बी मिसळलं असतं ना भाऊसाहेब, तर ते लपलं नसतं. माझ्याकडचं लाल वाण महिनाभर आधी तयार होतं. पांढरा हिरवागार उभा असताना त्याने माना टाकल्या असत्या. त्यांच्यातले लाल पांढऱ्याबरोबरच तयार झाले. हे मी तेव्हाच बोलणार होतो."

"मग बोलला का नाहीस?"

अश्विनने मान खाली घातली. पाकिटं खपत होती, असं तो म्हणाला. त्याचा हा खरेपणा भाऊंना आवडला आणि त्याचवेळी त्याच्या कानाखाली एक द्यावीशीही वाटली.

ते उठले तेव्हा अश्विन मागून म्हणाला, "तुम्ही नवसाबाईंकडे गेलात का? आजीने भेसळ केली, हे गावात सगळ्यात पहिल्यांदा त्या बोलल्या. सख्खी जाऊ. आमच्या गावाने त्यांच्या शब्दावरच तर विश्वास ठेवला."

४

नवसाबाई फुलाबाईच्या धाकट्या दिराची बायको. विहिरीपलीकडे तिचं घर, मध्ये फक्त बांध. ओट्यावर बसून ती लसूण सोलत होती. भाऊंना पाहून तिने पदर सावरला, पाट दिला, पाणी दिलं, पण तिच्या चेहऱ्यावरची घडी मोडली नाही.

फुलाबाईचं नाव काढताच ती कडवट झाली. चाळीस वर्षं दोघी एका विहिरीचं पाणी भरत होत्या, एकीचं बाळंतपण दुसरीने केलं होतं. इतकं असून तिने आपल्याशी असं वागावं, हे तिला सोसत नव्हतं.

"तुमच्याशी? नुकसान तर त्या अठरा घरांचं झालं."

नवसाबाई आत गेली आणि हातात एक पत्र्याची पेटी घेऊन आली. तिला छोटं कुलूप होतं. आत एका तरुणाचा फोटो, ओळखपत्र, आणि तळाशी चिंधीत बांधलेलं थोडं उळं.

हा ओम, तिचा एकुलता एक मुलगा. कांदा परदेशी पाठवणाऱ्या एका केंद्रात तो प्रतवारीवर होता. तिथे कोणीतरी परदेशी पिवळ्या कांद्याची चाचणी लावली होती, त्यातले पाचपन्नास कांदे त्याने आईला दाखवायला आणले. सोन्यासारखे दिसतात ना, म्हणाला. त्या दिवाळीत महामार्गावर त्याच्या दुचाकीला ट्रकने उडवलं. कांदे पिशवीत तसेच राहिले आणि त्यांना कोंब फुटले. नवसाबाईने ते बांधाकडेला लावले. दुसरं काय करणार होती? त्याच हिवाळ्यात ते फुलले, त्यांचं उळं धरलं, ते या पेटीत ठेवून किल्ली मंगळसूत्रात ओवली.

"पुढल्या साली ते उळं पेरलं," ती म्हणाली. "माझ्या ओमचे कांदे. काढले तर निम्मे लाल. निम्मे, भाऊसाहेब. तेव्हाच मी समजले. जिनं माझं नासवलं तिनंच लोकांचंबी नासवलं. माझ्या पोराची एवढीच तर वस्तू व्हती घरात, तीबी बघवली नाय तिला."

भाऊ पेटीकडे बघत राहिले. "किल्ली कधी कोणाकडे दिली होती?"

"कोणाकडं देऊ? आंघोळीलाबी काढत नाय मी."

मग कुलपाच्या आत फुलाबाईचा हात पोहोचला कसा, हा प्रश्न नवसाबाईला कधी पडलाच नव्हता. दुःखात माणसाला असले प्रश्न पडत नाहीत. पुंजारामभाऊंना मात्र तो रात्रभर झोपू देईना. एका घरात पांढरा होता, दुसऱ्या घरात पिवळा, आणि दोन्हीकडे निघाला लाल. तो आला कुठून?

५

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी भाऊंना पाठ होत्या, पण हे पुस्तकात सापडेना. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते कोणाला तरी विचारायला निघाले. डॉक्टर चांगुणाताई पेठच्या डोंगरातून शिकून वर आलेल्या. कांद्याची वाणं काढण्यात त्यांचा जन्म गेला, आणि आता त्या इंदिरानगरला मुलाकडे राहत होत्या. भाऊंनी सगळं सांगितलं. चांगुणाताईंनी मध्ये एकदाच अडवलं, पिवळा आणि पांढरा यांच्यात अंतर किती म्हणून. बांध आणि विहीर, भाऊ म्हणाले.

"पुंजाराम, पांढऱ्या कांद्यात रंगाचं काहीच नसतं असं तुला कोणी सांगितलं?"

"दिसत नाही ना."

"दिसत नाही. नसतो असं नाही." त्या सरसावून बसल्या. "येवल्याच्या रंगाऱ्याचं घर डोळ्यासमोर आण. सूत लाल व्हायला दोन गोष्टी लागतात, पेटलेली चूल आणि लाल रंग ओतणारा माणूस. पांढऱ्या कांद्यात चूल पेटवणारं जनुक बिघडलेलं असतं. चूलच थंड, म्हणून कसलाच रंग नाही. पण लाल ओतणारा माणूस त्याच घरात हातावर हात ठेवून बसलेला असू शकतो, पिढ्यान्‌पिढ्या. पिवळ्यात उलटं. तिथे चूल पेटलेली, पाणी पिवळं होऊन उकळतंय, पण लाल ओतणारा नाही. या दोन घरांची सोयरीक झाली की लेकराकडे चूलही येते आणि रंगारीही."

"आणि लेकरू लाल."

"लाल. सगळ्याच पांढऱ्यांत असं नसतं, पण तुझ्या फुलाबाईच्या वाणात होतं. आई पांढरी आणि बाप पिवळा असो की उलटं, फरक पडत नाही. आणि सोयरीक झाली त्या वर्षी कोणाला काही दिसत नाही. उळं काळं ते काळंच. रंग दिसतो तो पुढच्या वर्षी, ते उळं पेरून कांदा झाल्यावर."

भाऊंच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. लाल निघाले ते विहिरीकडच्या फडक्यातून, कारण विहिरीपलीकडेच पिवळे फुलले होते. त्यांचा बांधा चपटा होता कारण त्यांची आई फुलाबाईचीच पांढरी होती. आणि कुलपातल्या उळ्यातही लाल निघाले, कारण मधमाशी जशी पिवळ्याकडून पांढऱ्याकडे आली तशी पांढऱ्याकडून पिवळ्याकडेही गेली. पेटीला कुलूप लागण्याच्या दोन महिने आधीच, भर फुलांत, सगळं घडून गेलं होतं. कोणाच्याही हाताने मिसळलं नव्हतं. गावभर ते लाल डोंगळा शोधत हिंडले आणि पिवळ्याची चौकशी त्यांनी एका शब्दाने केली नव्हती, कारण पिवळ्याने लाल होईल असं त्या मुलखात कोणालाच वाटलं नसतं.

कोडं सुटलं होतं, पण परतीच्या वाटेवर त्यांना आनंद झाला नाही. आता हे नवसाबाईला सांगायचं होतं.

६

त्यांनी सांगितलं. जमेल तितक्या हळू आणि सोप्या शब्दांत सांगितलं. ओमच्या कांद्यांना फुलाबाईने हात लावला नव्हता. फुलाबाईच्या कांद्यांना ओमच्या कांद्यांचा रंग लागला होता, आणि ओमच्याला तिच्या.

नवसाबाईने बांधाकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे तिला कळलं व्हतं."

ट्रॅक्टर परत आले त्याच आठवड्यात फुलाबाई बांध ओलांडून आली होती. नवसाबाईच्या वाफ्यात पिवळ्या कांद्यांत लाल कांदे उपटून पडले होते. तिने वाकून एक उचलला, हातात फिरवला. मग ओट्यावर येऊन ओमच्या फोटोकडे पाहत उभी राहिली. कांदा खाली ठेवला आणि पाणी न पिता गेली. केलेलं पाप तोंडावर आलं म्हणून ती बोलली नाही, असं नवसाबाई तेव्हा समजली होती, आणि दुसऱ्या दिवशी गावात तेच बोलली होती.

"तिनं तोंड उघडलं असतं तर गाव म्हणलं असतं, नवसीच्या मेलेल्या पोरानं अठरा घरं बुडवली. म्हणून गप बसली ती."

नवसाबाई रडली नाही. पुंजारामभाऊंनाच डोळे पुसावे लागले. फुलाबाईकडे पुस्तक नव्हतं की जनुकाचं नाव नव्हतं. चाळीस वर्षांच्या नजरेने तिने एका मिनिटात ओळखलं होतं, आणि त्याच मिनिटात ते गिळून टाकलं होतं.

"पण तुम्हाला तर ठाऊक असंल की," नवसाबाई म्हणाली.

"मला?"

"पहिल्या साली माझे पिवळे फुलले तवा तिच्या जिवाला घोर लागला व्हता. म्हणली, नवसे, भाऊसाहेबांना इचारू. ते नको म्हणले तर गोंडे उघडायच्या आत कापू, चालतं म्हणले तर राहू दे लेकराचे कांदे. तुम्ही मारुतीच्या पारावर बसला व्हता, लोकं व्हती भवती. मी संगंच व्हते."

"मी काय म्हणालो?"

"तुम्ही हसला. म्हणले, फुलाबाई, लाल तेवढा लांब ठेवा. पिवळ्यानं काय होत नाय."

भाऊंनी आठवून पाहिलं. पार आठवला, निवृत्तीच्या आधीचा तो शेवटचा हिवाळा आठवला, त्या दिवशी सरपंचाने पाजलेला चहासुद्धा आठवला. दोन बायका आणि त्यांचा प्रश्न काही केल्या आठवेना. पण वाक्य त्यांचंच होतं, शब्दन्‌शब्द. त्यांनी तसंच म्हटलं असतं. माहीत नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. आणि मरताना ती बाई म्हणत होती, भाऊसाहेबांना त्रास नको.

ते उठले तेव्हा नवसाबाई म्हणाली, "गावाला सांगा. माझं नाव घ्या. ओमचं तेवढं नका घेऊ."

७

वर्षश्राद्धाला गाव जेवायला आलं. लाज होती, उत्सुकताही होती, आणि श्राद्धाच्या जेवणाला नाही म्हणू नये ही रीत होतीच. पंगत बसायच्या आधी पुंजारामभाऊ मांडवात उभे राहिले. गावातली भांडणं सोडवताना ते आधी पुरावे मांडायचे आणि गुन्हेगाराचं नाव शेवटी घ्यायचे, लोक त्याचीच वाट बघत होते. आज त्यांनी नाव आधी घेतलं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "फुलाबाईने मला विचारलं होतं. मला ठाऊक नव्हतं आणि मी ठाऊक असल्यासारखं सांगितलं."

मग त्यांनी चूल आणि रंगाऱ्याची गोष्ट सांगितली, दोन फडकी सांगितली, कुलूप सांगितलं. बांधापलीकडे कोणाचे पिवळे होते तिथे येऊन ते अडखळले. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून नवसाबाई उठली. पिवळे माझे, ती म्हणाली. आणि ज्या नावाला तिने स्वतः मनाई केली होती ते तिनेच घेतलं. माझ्या ओमने आणले होते, आणि माझी जाऊ त्याच्यासाठी गप्प राहिली, मी मात्र तिला चोर म्हणाले. एवढं बोलून ती खाली बसली. शेजारच्या बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

अश्विन सगळ्यात मागे उभा होता, तो मांडवाबाहेर निघून गेला. शेवटी एका म्हाताऱ्याने शेखरला विचारलं, नाल्याकडचं उळं राहिलंय का रे थोडं. शेखर म्हणाला, आहे मूठभर, पण यंदा लावायला मन झालं नाही. कांद्याच्या उळ्याचा जोर वर्षभराचा, आता ते उगवायचं नाही. म्हाताऱ्याने हातातली टोपी डोक्यावर ठेवली आणि परत काढली.

पंगती सुरू झाल्या. पुंजारामभाऊंना पानावर बसवेना, ते चाळीच्या सावलीला जाऊन उभे राहिले. हर्षाली त्यांच्यामागून आली. तिच्या हातात भाताचं पातेलं होतं. तिने आधी त्यांचे आभार मानले. आईचं नाव धुऊन निघालं, याच्यासाठीच मी आले होते, असं ती म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली.

मग तिने विचारलं, "भाऊसाहेब, मी तुमच्याकडे आले नसते, तर तुम्हाला हे कधी आठवलं असतं?"

पुंजारामभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले.

हर्षालीने मान हलवली आणि ती पंगतीत भात वाढायला निघून गेली.